पुण्यात शिकलेला इंजिनिअर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दरवर्षी निकाल लागले की आपल्या आवारात आठ-पंधरा दिवस एकच विषय असतो. कोणाला किती टक्के पडले आणि कोण कुठल्या ब्रँचला जाणार. कॉम्प्युटर, आयटी, एआय ही नावं आधी येतात. सिव्हिलचं नाव घेताना आईवडील जरा अडखळतात. उन्हातान्हात साइटवर उभं राहायचं, ठेकेदारांशी डोकं लावायचं आणि सुरुवातीला पगार तो काय मिळणार, अशी समजूत घरोघरी आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण सिव्हिल म्हणजे नुसतं सिमेंट-विटांचं काम, ही समजूत मात्र अगदी चुकीची आहे. ती किती चुकीची आहे हे एका माणसाच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

१५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो, तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या वाढदिवसानिमित्त. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर धरण आणि भारतरत्न एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण ते इंजिनिअरिंग शिकले पुण्यात, पहिली नोकरी केली नाशिकला, आणि उमेदीची जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांनी काढली ती तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. त्यांची पहिली मोठी कामं धुळे, पुणे, नीरेचा कालवा या आपल्या परिसरातली आहेत. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत ही गोष्ट सांगण्याचं दुसरं कारण म्हणजे पाणी. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या जनरल बॉडीत सर्वांत जास्त चर्चा कशावर झाली असेल, तर ती पाण्यावर. विश्वेश्वरय्यांचं निम्मं आयुष्य याच एका प्रश्नात गेलं.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

म्हैसूर संस्थानात चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचं खेडं आहे. तिथे १५ सप्टेंबर १८६० रोजी त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं आजच्या आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचं, म्हणून ते नाव पुढे लागलं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. शाळकरी वयातच वडील गेले. मामांच्या आधारानं मुलगा बंगळूरला शिकायला आला आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यानं आपला खर्च भागवला. सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये तो बी.ए. झाला.

पुढे इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण त्यासाठी पैसे नव्हते. त्याच सुमारास म्हैसूरचा कारभार इंग्रजांनी पुन्हा राजघराण्याकडे सोपवला होता आणि रंगाचार्लू दिवाण झाले होते. संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचं आपलं सीओईपी.

या कॉलेजचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. १८५४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा तो एक साधा इंजिनिअरिंग वर्ग होता. रस्ते, कालवे, रेल्वे, सरकारी इमारती यांची कामं वाढत होती आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती. मोजणी करणारे, नकाशे काढणारे, कामावर देखरेख ठेवणारे ओव्हरसियर तयार करणं हा मूळ हेतू. पुढे १८६०च्या दशकात ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं आणि तिथे एल.सी.ई. ही सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी मिळू लागली. वरच्या जागा मात्र बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. कोणी लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधून आलेले, कोणी इंग्लंडातल्या कूपर्स हिलच्या कॉलेजातून. ते कॉलेज हिंदुस्थानात पाठवायचे इंजिनिअर तयार करण्यासाठीच काढलं होतं. पुण्यात शिकलेला मुलगा कितीही हुशार असला तरी त्याची शिडी कुठवर जाणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

अशा काळात १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या एल.सी.ई. परीक्षेत इलाख्यात पहिले आले. त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं. मुंबई-ठाणे ही पहिली रेल्वे ज्या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाली, ते हे बर्कले. पहिला नंबर आला आणि सरकारी नोकरीही लगेच मिळाली. १८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले.

पांझरेच्या पात्रात

लवकरच त्यांची खानदेशात बदली झाली. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याचा पाइप पलीकडे न्यायचा होता. याला सायफन म्हणतात. पाइप एका काठावरून खाली उतरतो, नदीच्या तळाखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. आत शिरायचं तोंड थोडं उंचावर आणि बाहेर पडायचं तोंड थोडं खाली ठेवलं की पंपाशिवाय पाणी आपोआप पलीकडे निघतं. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात पावसाळा सुरू झाला होता, नदीला पूर येत होता आणि खणलेला चर वाळूनं भरून जात होता.

तरुण इंजिनिअरनं वरिष्ठांना कळवलं की हे काम पावसाळ्यानंतर घ्यावं. ही सूचना वरिष्ठांना रुचली नाही. नोकरीच्या सुरुवातीलाच नापसंतीचा शेरा पदरी आला. मग त्यांनी वाद घातला नाही. पूर ओसरला की काम, पूर आला की थांबायचं, वाळू पुन्हा उपसायची, असं करत ते काम त्याच पावसाळ्यात पुरं केलं आणि त्याच वरिष्ठांकडून शाबासकीही मिळवली. नुकतंच पास होऊन साइटवर गेलेल्या मुलामुलींना हा अनुभव आजही येतो. डिझाइन बरोबर असतं, गणित बरोबर असतं, पण खड्ड्यात पाणी भरलेलं असतं आणि तारीख पुढे सरकत नाही.

सक्करची विहीर

१८९४-९५च्या सुमारास त्यांना सिंध प्रांतात सक्करला पाठवलं गेलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. गाव सिंधू नदीच्या काठावर, पाणी हवं तेवढं, पण गढूळ. पाणी गाळायला मोठे फिल्टर बेड बांधायचे तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. नदीचं पाणी वाळूच्या थरांतून झिरपत विहिरीत येतं, आणि येता येता गाळलं जातं. तिथून बोगद्यानं ते काठावरच्या पंपापर्यंत आणायचं आणि वर चढवायचं. नदीकाठच्या गावातल्या कोणत्याही माणसाला झऱ्याचं तत्त्व माहीत असतं. वाळवंटात हातभर खड्डा केला की स्वच्छ पाणी लागतं. तेच तत्त्व त्यांनी गावाला पुरेल एवढ्या मापात बसवलं.

पुढे १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याचं आणि सांडपाण्याचं काम त्यांच्याकडे आलं. अरबस्तानच्या टोकावरचं हे बंदरही तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. पाऊस जवळजवळ नाहीच. त्यांनी उत्तरेकडच्या मुलखात हिंडून पाहिलं आणि लांबच्या नदीच्या कोरड्या पात्राखालचं पाणी एडनपर्यंत आणण्याची योजना दिली. धुळे, सक्कर, सुरत, एडन. प्रत्येक ठिकाणी माती वेगळी, पैसा वेगळा, अडचण वेगळी. एकच नकाशा चारही गावांना चालला नसता.

खडकवासल्याचे दरवाजे

१८९९ मध्ये ते पुण्याला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. खडकवासला तलाव, तेव्हाचा लेक फाइफ, त्यांच्या अखत्यारीत आला. पुणे शहर, लष्कर आणि मुठेचे कालवे सगळे या तलावावर अवलंबून. दरवर्षी पावसाळ्यात तलाव भरायचा आणि सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाहून जायचं. उन्हाळ्यात मात्र ओढाताण. हे वाहून जाणारं पाणी अडवायचं कसं, हा प्रश्न होता.

भिंत उंच करायची तर खर्च मोठा, शिवाय जुन्या भिंतीवर वजन आणि दाब वाढणार. सांडवाच बुजवून टाकला तर मोठा पूर आला की पाणी भिंतीवरून जाणार आणि धरणालाच धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत असेल तोवर ते बंद राहतात आणि पाणी अडवून धरतात. पूर येऊन पातळी त्याच्या वर गेली की पाण्याच्याच जोरावर ते आपोआप उघडतात आणि जादा पाणी सोडून देतात. पूर ओसरला की पुन्हा बंद होतात. रात्री-अपरात्री कोणी धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले आणि भिंत एक इंचही न वाढवता तलावात सुमारे आठ फूट पाणी जास्त साठू लागलं. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असे दरवाजे लागले.

आपल्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह आहे. टाकी भरली की गोळा वर येतो आणि पाणी बंद होतं. मुलांना एकदा तो नेऊन दाखवावा. खडकवासल्याच्या दरवाजांची यंत्रणा वेगळी आणि अर्थातच कितीतरी मोठी होती, पण पाण्याची पातळीच पाण्याला आवरते ही कल्पना दोन्हीकडे आहे.

पाणी सगळ्यांना

पाणी साठवल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, तो वाटपाचा. कालव्याच्या वरच्या बाजूला असलेले बागायतदार हवं तेवढं पाणी उसाला घेत. खालच्या गावांपर्यंत ते पोचत नसे. वर जमिनी पाणथळ होत होत्या आणि खाली पिकं वाळत होती. सोसायटीत खालच्या मजल्यांना धो धो पाणी आणि सातव्या मजल्यावर करंगळीएवढी धार, तसाच हा प्रकार.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याचं पाणी एकाच भागात मुरवायचं नाही. प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडायचे आणि पाणी तेवढ्यांनाच, पण खात्रीनं द्यायचं. ब्लॉकचा काही भागच उसाला, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि ती दर वर्षी फिरती. म्हणजे जमीन बिघडत नाही आणि तेवढंच पाणी जास्त गावांना पुरतं. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत पूर्वीपासून चालत आली होती. बंधाऱ्याच्या पाण्यावर गावानं फड पाडायचे, एका फडात एक पीक घ्यायचं आणि पाटकऱ्यानं पाळीनं पाणी द्यायचं. या दोन पद्धतींतलं साम्य नजरेत भरतं.

ही योजना सहज पचली नाही. ज्यांना मुबलक पाणी मिळत होतं त्यांचा विरोध झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. सरकार आता शेतकऱ्यानं काय पेरायचं तेही ठरवणार का, अशी भावना होती, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांशी बोलून, आकडे मांडून योजना समजावली आणि नीरा कालव्यावर ती अमलात आली. उसाचं आणि पाण्याचं हे भांडण महाराष्ट्रात आजही मिटलेलं नाही, यावरून तो प्रश्न त्यांनी किती आधी ओळखला होता हे दिसतं.

पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा संबंध आला. १८९८ मध्ये ते जपानला जाऊन आले. शिक्षण आणि कारखानदारी यांच्या बळावर एक आशियाई देश तीस वर्षांत कुठल्या कुठे गेला, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या आयुष्यात त्यांनी ज्या गोष्टींचा ध्यास घेतला त्यांचं मूळ या प्रवासात आहे.

नोकरी सोडली आणि हैदराबादचं बोलावणं आलं

मुंबई सरकारनं त्यांना बढत्या दिल्या. अनेक वरिष्ठांना मागे टाकून ते वर गेले. पण चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर हिंदी माणूस बसेल अशी चिन्हं त्या काळात दिसत नव्हती. विश्वेश्वरय्यांनी तक्रारअर्ज केले नाहीत. १९०८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी ही नोकरी सोडली आणि युरोप-अमेरिका बघायला निघाले.

ते परदेशात असतानाच २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. वरच्या भागात प्रचंड पाऊस होऊन दोनशेहून जास्त लहानमोठे तलाव फुटले होते आणि त्या सगळ्यांचं पाणी एकदम शहरात शिरलं. हजारो माणसं मेली. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं. त्यांनी आधी पावसाचे आणि पुराचे आकडे गोळा केले, फुटलेल्या तलावांचा अभ्यास केला आणि मगच योजना दिली. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी इसी यांवर दोन जलाशय बांधायचे, पूर तिथेच थोपवायचा आणि नंतर हळूहळू सोडायचा. पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. पुरासाठी बांधलेल्या या तलावांनी हैदराबादला कित्येक वर्षं प्यायचं पाणी दिलं.

कृष्णराजसागर

१९०९ च्या अखेरीस म्हैसूरनं त्यांना चीफ इंजिनिअर म्हणून बोलावलं. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला शिकले, तिथे ते पंचवीस वर्षांनी परत गेले.

कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडे. मंड्याकडचा मुलूख कोरडा होता. दोन्हींसाठी एक मोठं धरण हवं होतं. विश्वेश्वरय्यांनी १२४ फूट पाणीपातळीची योजना मांडली. एवढा पैसा एका संस्थानानं एका भिंतीत घालायचा का, अशी शंका म्हैसूरच्या दरबारातच होती. खाली मद्रास सरकारचाही विरोध. आमच्या वाट्याचं पाणी अडेल असं त्यांचं म्हणणं, आणि परवानगी मिळाली ती फक्त ८० फुटांच्या धरणाला.

१९११ मध्ये काम सुरू झालं. पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पेलेल एवढा रुंद घातला गेला. परवानगी पुढे वाढली तर खालचं काम पुन्हा उकरायला लागू नये, हा हिशेब. तो बरोबर ठरला. सिमेंट बाहेरून आणावं लागे आणि महाग पडे. म्हणून चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, यांच्या मिश्रणात दगडी बांधकाम झालं. कावेरीच्या पाण्याचा वाद मिटायला १९२४ चा करार व्हावा लागला आणि धरण पूर्ण व्हायला १९३०चं दशक उजाडलं. लाखाहून जास्त एकर जमीन भिजली. मंड्याचा आजचा ऊस त्या पाण्यावर आहे. तलावात काही गावंही बुडाली आणि तिथल्या लोकांना उठावं लागलं. धरणाच्या हिशेबात हा रकानाही असतो, तो मुलांना आधीच माहीत असलेला बरा.

दिवाण विश्वेश्वरय्या

१९१२ मध्ये महाराज कृष्णराज वडेयर चौथे यांनी त्यांना दिवाण केलं. इंजिनिअर आता अख्ख्या संस्थानाचा कारभारी झाला. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, १९१७ मध्ये बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अशी कामं या सहा वर्षांत उभी राहिली किंवा सुरू झाली. आपल्या संस्थानातल्या मुलाला इंजिनिअर व्हायला पुण्याला किंवा मद्रासला जावं लागू नये, हा कॉलेजमागचा विचार उघड आहे.

१९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना जागा राखून ठेवाव्यात या मागणीवर महाराजांनी मिलर समिती नेमली होती. विश्वेश्वरय्यांना हे पटत नव्हतं. नेमणूक फक्त गुणवत्तेवर व्हावी असं त्यांचं मत होतं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी हे पाऊल १९०२ मध्येच उचललं होतं आणि पुढे देशानंही तोच रस्ता धरला. गरीब घरातला एक हुशार मुलगा संस्थानाच्या मदतीनं केवढा मोठा होऊ शकतो, हे विश्वेश्वरय्यांनी स्वतः दाखवून दिलं होतं. तशी मदत आणि संधी ज्या समाजांपर्यंत पिढ्यानपिढ्या पोचलीच नव्हती, त्यांचं म्हणणं त्यांना पुरेसं उमगलं नाही, असं आज वाटतं. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना ही गोष्ट गाळू नये.

दिवाणपद गेलं तरी काम थांबलं नाही. भद्रावतीचा कारखाना तोट्यात होता, तो त्यांनी अध्यक्ष म्हणून रुळावर आणला. १९३४ मध्ये देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा पंचवार्षिक योजना हा शब्दही आपल्याकडे रुळला नव्हता. बिहारमध्ये गंगेवर मोकामाला पूल कुठे बांधावा याचा सल्ला द्यायला ते नव्वदी ओलांडल्यावर गेले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं, ते बघायला ते स्वतः हयात होते. त्याच वर्षी नागपूरला सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं. आज ते व्हीएनआयटी म्हणून प्रसिद्ध आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं नवं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खाली आला आणि खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. पुणे शहर पाण्याखाली गेलं. आपल्यापैकी काही घरांतल्या आजी-आजोबांना तो दिवस अजून आठवत असेल. जिथे तरुण विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसवले, ते धरण त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या शंभराव्या वर्षी वाहून गेलं. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूरला त्यांचं निधन झालं. मुसीचा पूर आणि पानशेतचा पूर या दोन्हींतून एक गोष्ट कळते. डॉक्टरची चूक एका रोग्याला भोवते, सिव्हिल इंजिनिअरची चूक कधीकधी अख्ख्या गावाला. म्हणून या धंद्यात सही करायची ती नीट तपासून.

आपल्या मुलामुलींसाठी

अभियंता दिनाच्या भाषणांत विश्वेश्वरय्यांच्या दोन मेणबत्त्यांची कथा हमखास ऐकायला मिळते. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि खासगी कामाला स्वतःची. खरी-खोटी देव जाणे, पण तेवढ्यावर थांबलं तर त्यांचं काम मागे राहतं. त्यांच्या एका पदवीतून काय काय निघालं ते पाहा. पाणीपुरवठा, सांडपाणी, कालवे, धरण, पूरनियंत्रण, कारखाना, शिक्षण, राज्यकारभार.

आजही रस्ते तितकेच आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करता येतो आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर सीईटी किंवा जेईई देऊन डिग्री. त्यापुढे आपापल्या आवडीप्रमाणे. इमारतींचं आणि पुलांचं गणित आवडणाऱ्यांना स्ट्रक्चरल, जमिनीखाली काय आहे याचं कुतूहल असणाऱ्यांना माती आणि पाया यांचं शास्त्र, शिवाय जलसंपत्ती, पर्यावरण, वाहतूक. बाहेर फिरायला आवडत नसेल तर डिझाइन, अंदाजपत्रक, मूल्यांकन ही टेबलावरची कामं आहेत. एमपीएससी आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या परीक्षा देऊन जलसंपदा, बांधकाम खातं, रेल्वे इथे जाता येतं. महापालिका आणि जीवन प्राधिकरणात पाणीपुरवठ्याचं काम आहे. मुलीही आता साइटवर मोठ्या संख्येनं दिसतात. पहिली तीन-चार वर्षं कष्टाची जातात, पगारही सॉफ्टवेअरएवढा नसतो, हे खरंच आहे. घरात बसून हे सगळं गोड करून सांगू नये.

आपली इमारत आता पंचवीस वर्षांची झाली. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. खर्च बघून ते पुढे ढकलण्याचा मोह सगळ्याच सोसायट्यांना होतो. तो टाळायला हवा. कॉलमला गेलेली बारीक चीर, गच्चीतून पाझरणारं पाणी, गंजून फुगलेली सळई, ही इमारतीची दुखणी आहेत आणि ती वेळेवर दाखवली तर थोडक्यात बरी होतात.

पुढचं ऑडिट होईल तेव्हा इंजिनिअरबरोबर आपली आठवी-दहावीतली, अकरावी-बारावीतली मुलंमुली खालपासून गच्चीपर्यंत फिरू देत. हातोडी मारून प्लास्टर पोकळ आहे का ते कसं ओळखतात, टाकीचं वजन कुठल्या कॉलमवर येतं, पावसाचं पाणी कुठून उतरतं, हे त्यांनी बघावं आणि हवे तेवढे प्रश्न विचारावेत. कमिटीनं त्यासाठी एक रविवार ठरवला तर फार बरं होईल.